किड्याचा लाल

भाची आर्मेनियात, येरेवानला डॉक्टरकी शिकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाईला आली तेव्हा तिने आजीसाठी, म्हणजे माझ्या आईसाठी, एक कार्ड आणलं होतं. मातेनादारान या तिथल्या जुन्या हस्तलिखितांच्या संग्रहालयातलं. कार्डावर एकच आर्मेनियन अक्षर, तेही पक्ष्यांचं घडवलेलं: एकाची मान वळून दुसऱ्याच्या पोटाशी गेलेली, तिसऱ्याच्या शेपटीचा फराटा खाली ओढून त्याचाच अक्षराला पाय केलेला. आणि सगळं लालभडक. आईला ते इतकं आवडलं की ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि देवघरात गणपतीच्या तसबिरीला टेकवून ठेवायला निघाली. भाची मागून उत्साहाने सांगत होती, "आजी, जुन्या पोथ्यांत हा लाल रंग खऱ्या किड्यांपासून करायचे, माहितीये? वाळवून, कुटून." आई थबकली. "किडे? मग देवाजवळ नको गं बाई. तिकडे शोकेसमध्ये ठेव." कार्ड छापील होतं, त्यात किडाबिडा काही नव्हता, हे सांगायला कुणी गेलं नाही. मला मात्र समोरच्या पडवीतला दांडीवर वाळत घातलेला बाबांचा कद दिसत होता. शुद्ध रेशमाचा, म्हणून सोवळ्यातला. कोश उकळत्या पाण्यात टाकल्याशिवाय ज्याचा धागा सुटत नाही, तो पूजेला चालतो आणि कुटलेला किडा तसबिरीजवळ चालत नाही, या हिशेबात कुठेतरी गडबड होती. पण ऐंशीच्या घरातल्या बाईशी हा वाद घालायचा नसतो.

घोळत राहिलं ते वेगळंच. त्या कदाचा रंग आई कायम एकाच शब्दाने सांगते. मरून नाही, लाल नाही. किरमिजी.

तर त्या आर्मेनियन किड्याचं नाव आहे वोर्दान कार्मिर. वोर्द म्हणजे अळी किंवा किडा, वोर्दान ही त्याची जुनी षष्ठी, आणि कार्मिर म्हणजे लाल. किड्याचा लाल. किड्याला म्हणतात तेच नाव आणि रंगालाही तेच, जणू दोघांत फरक करायची कुणाला गरजच वाटली नाही. इथवर सरळ आहे. पण कार्मिर हा शब्द जरा खरवडला की आत पुन्हा किडाच निघतो. आर्मेनियन भाषेने हा शब्द फार पूर्वी इराणी भाषांकडून घेतला. मध्य आशियातल्या सोग्दियन व्यापाऱ्यांच्या भाषेतही लालला जवळजवळ हाच शब्द होता. त्याच्या मुळाशी जो किडा आहे तो फारसीत किर्म होतो आणि संस्कृतात कृमि. म्हणजे आधी किड्यावरून रंगाला नाव पडलं. मग शतकं लोटली, कार्मिर म्हटलं की माणसांच्या डोळ्यांपुढे डाळिंब येऊ लागलं, वाईन, रक्त, लग्नातलं कापड, आणि मूळचा किडा शब्दाच्या तळाशी गाडला गेला. पुढे जेव्हा नेमकं सांगायची वेळ आली, की हा लाल मंजिष्ठाच्या मुळांचा नाही, किड्याचा आहे, तेव्हा पुढे पुन्हा 'किड्याचा' लावावं लागलं. आपला पिवळा पीतांबर तसाच. अंबर पीतच असताना त्याला पिवळा म्हणायचं आणि कुणाला खटकायचंही नाही.

आणि हाच किडा अरबीत किर्मिझ होऊन, फारसीच्या वाटेने, दख्खनेत पोहोचला. तोच आमचा किरमिजी. तिकडे पश्चिमेला गेला त्याचा क्रिमसन झाला, कार्माइन झाला. लॅटिनवाल्यांनी आपल्या भाषेतल्या 'छोट्या अळी'वरून वर्मिलियन काढलं, तो शब्द पुढे भलत्याच, पाऱ्याच्या खनिजापासून केलेल्या लालला चिकटला. स्लाव्ह लोकांनी तर कमाल केली: त्यांच्याकडे एका रानरोपाच्या मुळांवरचा असाच एक किडा जूनमध्ये वेचायचे, म्हणून पोलिश भाषेत जून महिन्याचं नावच किड्यावरून पडलं, चेर्व्येत्स. युक्रेनियनमध्येही जून म्हणजे चेर्वेन. मला हे सगळं रात्री अंथरुणात फोनवर वाचताना हसू येत होतं आणि थोडं कसंसंही होत होतं. मी लहानपणापासून किरमिजी हा शब्द शालूंच्या घड्यांत, नवरात्रातल्या खणांत, आजीच्या बोलण्यात ऐकलेला. त्यात एक खानदानी जडपणा आहे. कृमी मात्र ऐकलेले ते थेट पोटातले, शाळेत वाटलेल्या गोडगोड गोळीच्या संदर्भात. एकाच घराण्यातले हे दोन शब्द इतके दूर जाऊन बसले होते की समोरासमोर आले तरी ओळख लागली नसती.

वोर्दान कार्मिर ही खरं तर अळी नाही. शास्त्रीय भाषेत ती खवले किडीच्या गोतावळ्यातली. लाखेचा किडा, डाळिंब-सीताफळवाले ज्याच्या नावाने बोटं मोडतात तो पिठ्या ढेकूण, हे सगळे तिचे दूरचे नातलग. पिठ्या ढेकणाशी माझी रोजची गाठ आहे. गॅलरीतल्या जास्वंदीच्या शेंड्यावर तो कापसाच्या बोळ्यासारखा चिकटून बसतो, मी जुन्या टूथब्रशने साबणाचं पाणी लावून घासून काढते, आठवड्यात परत हजर. जवळून पाहिलं तर तो कापूस म्हणजे मेणाच्या तंतूंची चादर असते आणि तिच्याखाली एक मऊ, सुस्त, पाय आहेत की नाहीत अशी शंका यावी असा जीव रस पीत पडलेला असतो. या कुळातल्या माद्या हलतात कमी, पितात फार. त्यांना पाहून कुणाला राजवस्त्र सुचेल असं वाटत नाही.

आर्मेनियातली ही मादी आयुष्याचा बहुतेक काळ अंधारातच काढते. अरारात पर्वताच्या पायथ्याशी, आराक्स नदीच्या काठाने, खारट दलदलीची जमीन आहे; उन्हाळ्यात तिच्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा धरतो. तिथे एक खुरटं खारं गवत उगवतं आणि नळासारखे उंच वेत उगवतात. त्यांच्या मुळांना जमिनीखाली चिकटून ही पिल्लं रस पितात आणि हळूहळू गोल गाठीसारखी फुगतात. सप्टेंबरच्या मध्यापासून साधारण महिनाभर, सकाळच्या काही तासांपुरत्या, पूर्ण वाढलेल्या माद्या जमिनीवर येतात. सेंटिमीटरभर लांबीच्या, बिनपंखाच्या, पिकलेल्या चेरीसारख्या गडद. या अवस्थेत त्यांना तोंडच नसतं. खाण्याचा प्रश्न मिटलेला. आता फक्त नराची वाट पाहायची. नर चिमुकला, पंखवाला, मागे पांढऱ्या मेणाच्या तंतूंची शेपटी मिरवणारा, आणि काही दिवसांचाच सोबती. मग मादी परत मातीत शिरते, अंडी घालते आणि मरते. वेचायचं ते त्याच तासांत, ऊन चढायच्या आत, ओल्या खाऱ्या जमिनीवर वाकून.

वेचणाऱ्यांच्या कमरेचा विचार केला तर त्या नावातला किडा दोनदा का आला ते कळतं. वर्षातून एकदा येणारा हंगाम, आणि वजनाच्या मानाने रंग अगदी थोडा: सुक्या किड्यात कार्मिनिक आम्ल, म्हणजे जो काही लाल आहे तो, एक टक्क्याहूनही कमी. शिवाय अंगात चरबी भरपूर, ती आधी काढल्याशिवाय रंग धड सुटत नाही. एक झगा रंगवायला किती सकाळी गेल्या असतील, याचा हिशेब कुठल्या राजाने मांडला नसणार. पाचव्या शतकातल्या ग़ाझार पारपेत्सी या आर्मेनियन इतिहासकाराने आपल्या इतिहासात अरारातच्या मैदानाचं भरभरून वर्णन केलं आहे. शिकार, मासे, फळं, पाणी, आणि त्यातच वेताच्या मुळांशी निपजणारे हे किडे, ज्यांच्यापासून नटण्यामुरडण्याचा लाल रंग होतो. त्याने तो उल्लेख ओशाळून केलेला नाही. जमिनीने दिलेल्या संपत्तीत किडेही बसले आहेत, माशांच्या शेजारी. अरबांच्या काळात तर त्या मैदानातल्या आर्ताशात गावाचं नावच त्यांनी 'किर्मिझचं गाव' करून टाकलं, आणि जवळच्या द्विन शहरातलं किर्मिझी लोकरी कापड त्यांच्या भूगोलकारांनी वाखाणलं. आता आर्ताशातजवळ पर्यटक जातात ते खोर विरापच्या मठात, अरारातसमोर उभं राहून फोटो काढायला. भाचीनेही काढले. पायाखालच्या मातीत कोण आहे हे कुणी सांगत नाही.

पोथ्यांचं मला राहून राहून वाटतं. आर्मेनियन लेखनिक बोरूने लिहीत, म्हणजे वेताच्याच लेखणीने. वरच्या वेतातून लेखणी निघाली आणि असल्याच वेताच्या मुळाशी रंग निपजला. त्या रंगाने त्यांनी पक्षी काढले, आणि पक्ष्यांची अक्षरं केली. या अक्षरांना त्यांच्याकडे थ्रच्नागीर म्हणतात, पाखरांचं लिखाण. चर्मपत्र म्हणजे वासराचं नाहीतर मेंढराचं कातडं, त्यावर किड्याच्या लालने काढलेलं पाखरू, आणि ते सगळं मिळून देवाच्या पुस्तकातलं पहिलं अक्षर. आमच्या आईला हे सविस्तर सांगितलं असतं तर तिने कार्ड शोकेसमधूनही काढलं असतं. तिला हसायचा मला हक्क नाही. मी स्वतः अंडं खाते आणि मुंगी चिरडली तर हळहळते. आपल्या सगळ्यांच्याच सोवळ्याला कुठे ना कुठे भोक असतं. पण त्या लेखनिकांना या गोष्टीचं काही वाटलं नाही आणि माझ्या आईला वाटतं, त्यात जास्त भाबडं कोण हे मला ठरवता येत नाही.

अमेरिकेतल्या याच जातकुळीच्या किड्यावर शास्त्रज्ञांनी प्रयोग केले तेव्हा असं दिसलं की मुंग्यांना हे कार्मिनिक आम्ल नकोसं होतं. म्हणजे हा रंग किड्याने अंगात बाळगला तो कुणी आपल्याला खाऊ नये म्हणून. मुंग्यांवर उपाय चालला, माणसांवर उलटला.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर वोर्दान कार्मिरचा धंदा बसला तोही तिथल्याच किड्यामुळे. सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून मेक्सिकोचा कोशिनील आला. तो निवडुंगावर राहतो, चक्क पाळता येतो, ब्रशने झाडून गोळा करता येतो, आणि त्यात रंग १५ ते २० टक्के. कुठे तो आणि कुठे सकाळच्या थंडीत एकेक वेचायची ही चेरी. पुढे इंग्रजांनाही वाटलं की हिंदुस्थानात कोशिनील पिकवावा. १७९५ साली नीलसन नावाच्या कप्तानाने ब्राझीलहून किडे कलकत्त्याला आणले. ते निघाले हलक्या जातीचे, रंगाच्या नावाने शंख. पण त्यांनी इथे पसरलेल्या निवडुंगाच्या एका जातीचा असा फडशा पाडला की विचारू नका. विसाव्या शतकात आपल्याकडचा फड्या निवडुंग हटवायलाही याच कुळातला दुसरा किडा सोडला गेला. वाईकडच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात निवडुंगाची लाल बोंडं खाऊन जीभ रंगवल्याच्या आठवणी असतात. तो लाल मात्र किड्याचा नव्हे, फळाचाच.

१८३०च्या दशकाच्या सुरुवातीला एचमियाझिनच्या मठातल्या इसाक तेर-ग्रिगोरियान या धर्मगुरूने जुन्या पोथ्या धुंडाळून, स्वतः प्रयोग करून, हा रंग पुन्हा काढायचा घाट घातला. त्याच सुमारास योसेफ हामेल हा पीटर्सबर्गच्या अकादमीतला जर्मन वंशाचा विद्वान तिथे फिरून गेला, त्याने किड्याची माहिती गोळा केली, आणि १८३३ मध्ये ब्रांट नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने या किड्याचं शास्त्रीय बारसं केलं: पोर्फिरोफोरा हामेली. पहिल्या अर्ध्याचा अर्थ ग्रीकमध्ये 'जांभळा-लाल वाहणारी', तो ठीकच आहे. दुसरा अर्धा हामेलसाहेबांचा. हजारो वर्षं ज्या जिवाला लोक त्याच्या कामावरून हाक मारत आले, त्याला जाताजाता भेट देऊन गेलेल्या पाहुण्याचं नाव चिकटलं. मठातला जो माणूस हात लाल करून घेत बसला त्याचं नाव कुठल्याच किड्याला नाही. विज्ञानात ही रीतच आहे हे मला माहीत आहे, तरी राग यायचा तो येतोच. पुढे काही दशकांतच डांबरापासून कृत्रिम रंग निघाले आणि कुणालाच किडा नको झाला. त्यानंतरही अधूनमधून कुणी त्याची चौकशी करायला येत राहिलं. १९३० साली मॉस्कोचा बोरिस कुझीन हा जीवशास्त्रज्ञ याच कामासाठी आर्मेनियात होता.

मग दलदल गेली. सोव्हिएत काळात अरारातच्या मैदानातली खारजमीन उपसून, धुऊन, शेतीखाली आणली. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. देश डोंगराळ, सपाट जमीन मुठीएवढी, माणसांना जर्दाळू, द्राक्षं आणि भाजी पिकवायला हवीच होती. वेचून वेचून जो संपला नव्हता तो किडा नांगराने संपत आला. १९८७ मध्ये आर्मावीर प्रांतात सुमारे २२० हेक्टर जमीन, तीही दोन तुकड्यांत, त्याच्यासाठी राखून ठेवली. अभयारण्याचं नाव वोर्दान कार्मिर. वाघांची अभयारण्यं आपण ऐकली, माळढोकाचं ऐकलं. खवले किडीसाठी कुंपण घातलेलं हे मला तरी पहिलंच. संकटात सापडलेल्या जिवांची यादी असते, तिला सगळीकडे लाल पुस्तक म्हणतात. आर्मेनियनमध्ये ते आपसूक होतं कार्मिर गिर्क, आणि वोर्दान कार्मिरचं नाव त्यात आहे. म्हणजे ज्याच्या नावावरून लालला लाल म्हणायला लागले, तोच आता लाल पुस्तकात जाऊन बसला. यादी करणाऱ्या साहेबांना हे जाणवलं असेल का? बहुधा नसेल, त्यांना सही-शिक्क्याची घाई असेल.

भाची परत गेल्यावर मी तिच्या मागे लागले की घरमालकिणीला विचार. तिचा व्हॉइस मेसेज आला. घरमालकिणीला शब्द पक्का माहीत होता. वोर्दान कार्मिर म्हणजे गालिच्याचा तो गडद लाल, तिच्या आजीच्या गालिच्यात होता. किडा? हो, किड्यापासून करायचे म्हणतात. पाहिला आहे का? मागे तिचं हसणं ऐकू आलं आणि भाचीने भाषांतर केलं: "ती म्हणते, मला कशाला दिसेल तो, मी येरेवानची आहे." ते ऐकून मला एकदम बरं वाटलं. म्हणजे तिथेही तेच. शब्द तोंडात रोज, किडा कुणी पाहिलेला नाही. आमच्याकडे किरमिजीचा किडा शब्दातच विरघळून गेला, त्यांच्याकडे नावावरच लिहिलेला आहे, एवढाच काय तो फरक. मेसेजच्या शेवटी भाचीने आपली अक्कल पाजळली होती: मावशी, तुझ्या लिपस्टिकच्या डबीवर सीआय ७५४७०, म्हणजे कार्माइनचा नंबर, लिहिलाय का बघ, तेच ते. चष्मा लावून पाहिलं. होतं. हा बहुतेक पेरूमधल्या निवडुंगावरचा. हल्ली जगाचा बराचसा कार्माइन तिथूनच येतो. लिपस्टिक टाकून दिली नाही. महागाची होती, आणि रंग शोभतो मला.

आता माझ्या डोक्यात बसलंय की किडे बाहेर येतात तेव्हा तिथे जायचं. टूरवाले नेतात ते मे-जूनमध्ये, तेव्हा हे सगळे मुळांशी रस पीत पडलेले. माद्या वर येतात त्या गणपती झाल्यावर, ऐन पितृपंधरवड्याच्या आसपास, म्हणजे आई आधीच म्हणणार की या दिवसांत प्रवास नको. राखीव क्षेत्रात आत सोडतात की परवानगी काढावी लागते, हे भाची विचारून सांगणार आहे. विमानाचे भाव काढून नवऱ्याला दाखवले. त्याने आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "किडे बघायला? अगं, आपल्या जास्वंदीवर आहेत की ढीगभर."

म्हटलं, त्यांचा रंग निघत नाही.

"मग साबणाचं पाणी तरी लाव त्यांना," म्हणाला, आणि पेपर वाचायला लागला.